मुलांची पुस्तके आधी मोठ्याने वाचून पाहा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पुस्तकांसाठी अर्धे पान राखलेले असते. ते मी नेमाने वाचते. नुकतीच तिथे पालकांनी मुलांना वाचून दाखवावीत अशा पुस्तकांची यादी आली होती. प्रत्येक पुस्तकापुढे दोन-दोन ओळी. एकातून प्रामाणिकपणाचा संस्कार होतो, दुसऱ्यातून निसर्गाचे भान येते, तिसऱ्यातून वाटून घेण्याची सवय लागते. यादी कळकळीने केलेली होती यात शंका नाही. पण ती वाचताना मला सारखे वाटत राहिले, की यातले एकही पुस्तक कोणी रात्री साडेनऊला, दिवसाचे काम उरकून, मुलाशेजारी आडवे पडून मोठ्याने वाचलेले नाही. तसे वाचले असते तर शेरे निराळे आले असते. म्हणून हे पत्र.

मी रुग्णालयात परिचारिका आहे. ड्युटी तीन पाळ्यांत फिरते. नवऱ्याची नोकरी लांब, तो घरी येतो तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेतीन. आमच्याकडे वाचनाला वेगळा वेळ निघत नाही. जो काही आहे तो मुले झोपण्याआधीचा. मला मॉर्निंग असली की मी वाचते, इव्हिनिंग असली की त्यांचे बाबा. नाईट असली तर निघण्यापूर्वी, गणवेश चढवून, पलंगाच्या कडेला बसून मी चार पाने वाचते आणि बस गाठते. त्या घटकेला हातातले पुस्तक कसे आहे हे फार लवकर कळते. पाय ठणकत असतात, डोळे मिटू बघत असतात, तरी एखादे पुस्तक आपल्याला ओढून पुढे नेते. दुसरे एखादे चौथ्या पानावरच जड होते. ते वाचताना आपला आवाज आपल्यालाच खोटा लागतो, आणि मुलांना तो आपल्याआधी कळतो.

अक्षरओळख नसलेल्या मुलाच्या पुस्तकाला दोन माणसे लागतात, एक ऐकणारे आणि एक वाचणारे. ऐकणाऱ्याचा विचार लेखक करतात, प्रकाशक करतात, समीक्षक करतात. वाचणाऱ्याचा कोणी करत नाही. शिवाय लहान मूल एक पुस्तक एकदा ऐकून सोडत नाही. तेच पुस्तक आज, उद्या, परवा, पुढचा महिनाभर. मोठ्यांची कादंबरी एकदा वाचून आवडली तरी भागते. मुलांचे पुस्तक आईबापांना पाठ झाल्यावरही आवडत राहिले पाहिजे. ही फार कडक परीक्षा आहे, आणि ती टेबलाशी बसून मनात वाचणाऱ्याला घेता येत नाही.

जाणत्यांचा निकाल आणि पलंगाच्या कडेचा निकाल किती वेगळा असू शकतो याचे एक उदाहरण नोंदलेले आहे. 'गुडनाइट मून' हे मार्गारेट वाइज ब्राउन यांचे पुस्तक १९४७ साली आले. चित्रे क्लेमंट हर्ड यांची. त्यात होते काय, तर अंथरुणात पडलेले सशाचे पिल्लू खोलीतल्या एकेका वस्तूला शुभ रात्री म्हणते. बस, एवढेच. पान उलटावे तशी चित्रातली खोली थोडी थोडी अंधारत जाते. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या, मुलांच्या पुस्तकांच्या जाणकारांना ते रुचले नाही आणि १९७२ पर्यंत ग्रंथालयाने ते घेतले नाही. दरम्यान घरोघरचे आईबाप ते विकत घेऊन वाचत राहिले. २०२० मध्ये त्याच ग्रंथालयाने आपल्या १२५ वर्षांत सर्वाधिक नेल्या गेलेल्या दहा पुस्तकांची यादी काढली. 'गुडनाइट मून' त्या दहांत बसले नाही. ते पंचवीस वर्षे फळीवर नव्हतेच, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख करावा लागला. पहिला क्रमांक होता 'द स्नोई डे' या एझरा जॅक कीट्स यांच्या १९६२ सालच्या पुस्तकाचा. एक मुलगा बर्फ पडलेल्या दिवशी बाहेर जातो, पावलांचे ठसे उमटवतो, बर्फाचा एक गोळा खिशात घालून घरी आणतो आणि झोपण्याआधी बघतो तर खिसा नुसता ओला. यात कोणताही बोध नाही. खिसा रिकामा निघाला याचे दुःख मात्र आहे, आणि साडेतीन वर्षांच्या माणसाला ते दुःख पुरते कळते.

धाकट्याचे सर्वांत आवडते आणि माझेही आवडते पुस्तक एरिक कार्ल यांचे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', १९६९ सालचे. मी ते पानावर बघून सरळ मराठीत सांगते. एक सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन आलुबुखार, असे शुक्रवारच्या पाच संत्र्यांपर्यंत. जितकी फळे, तितके ते पान रुंद. सोमवारचे पान चिंचोळे, शुक्रवारचे मोठे, आणि प्रत्येक फळातून सुरवंट आरपार गेल्याचे खरे भोक. मुलगा त्या भोकात बोट घालतो आणि दुसऱ्या बाजूने ते बाहेर आले की बघून घेतो. वाचणाऱ्याला त्यात काय मिळते ते सांगते. वाक्य तेच फिरून येते, म्हणून आवाजाला विसावा मिळतो. एक शब्द मी म्हणायचा, पुढचा तो म्हणतो. दमलेल्या दिवशी अर्धे पुस्तक तोच वाचतो असे म्हटले तरी चालेल. वार, आकडे, फळांची नावे तो शिकलाच, पण पुस्तक कुठेही 'शिक' म्हणत नाही.

याच्या उलट ती बटणांची पुस्तके. दाबले की गाणे वाजते, प्राण्याचा आवाज येतो. ती भेट म्हणून घरात येतात. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. बटण असले की मूल शब्द ऐकत नाही आणि वाचणारा मधल्या मधे अडकून बसतो, एवढे पुरे.

मुलीसाठी मी मनापासून सुचवीन ते 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या लहानपणच्या शाळेबद्दल लिहिलेले हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आले. मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते आणले आणि नॅशनल बुक ट्रस्टने छापले. पहिल्या शाळेने नको म्हटलेली मुलगी रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत येते आणि मुख्याध्यापक कोबायाशी तिचे बोलणे तास न् तास ऐकून घेतात. प्रकरणे लहान, दोन-चार पानांची. एक वाचून थांबता येते आणि तुटल्यासारखे होत नाही. पाळीवर जाणाऱ्या आईला ही सोय किती मोठी आहे, हे ज्याला घड्याळाकडे बघत वाचावे लागते त्यालाच कळेल.

त्यातला एक प्रसंग मी कितीही वेळा वाचायला तयार आहे. तोत्तोचानची आवडती पर्स शौचकूपात पडते. ती मागे जाऊन मैला उपसायचे झाकण उघडते आणि लांब दांड्याच्या पळीने आतले सगळे बाहेर काढू लागते. ढीग साचतो. मुख्याध्यापक तिथून जातात, काय करतेस म्हणून विचारतात. ती सांगते. ते बरे म्हणून निघून जातात. पुन्हा त्या वाटेने येतात, ढीग बघतात, आणि झाले की सगळे परत आत टाकशील ना, एवढेच विचारतात. पर्स सापडत नाही. ती मात्र सगळे जिथल्या तिथे परत टाकते. आरडाओरडा नाही, शिक्षा नाही, मदतही नाही आणि उपदेश तर नाहीच. मी वॉर्डात दिवसभर सूचना देते आणि घरी आल्यावरही माझ्या तोंडून सूचनाच निघतात. हा प्रसंग वाचताना मी त्या माणसाच्या जागी उभी राहते. इतका विश्वास लहान मुलावर टाकता येतो, हे मला आधी त्या पानावर दिसले आणि मग घरात थोडे थोडे जमू लागले. असे पुस्तक मुलांचे म्हणावे की पालकांचे? माझ्या मते ज्या पुस्तकात हा प्रश्न पडतो तेच वाचून दाखवण्याजोगे.

आता नावडत्याबद्दल. माझे सर्वांत नावडते पुस्तक जगभर गाजलेले आहे आणि आपल्या यादीतही ते होते, म्हणून नाव घेऊनच लिहिते. शेल सिल्व्हरस्टीन यांचे 'द गिव्हिंग ट्री', १९६४ सालचे. आपल्या परीक्षकांनी त्यापुढे निःस्वार्थ प्रेमाची कथा असे लिहिले होते. एका झाडाचे एका मुलावर प्रेम असते. मुलगा लहान असताना फांद्यांना झोके घेतो, सफरचंदे खातो. मोठा होतो तेव्हा त्याला पैसे हवे असतात, झाड सांगते, सफरचंदे घेऊन जा नि विक. मग त्याला घर हवे असते, तो फांद्या तोडून नेतो. मग होडी हवी असते, तो खोड नेतो. शेवटी म्हातारा होऊन येतो तेव्हा उरलेल्या बुंध्यावर बसतो. प्रत्येक वेळी झाड सुखी होते असे लिहिलेले आहे. खोड नेल्यावर तेवढे एकदा लेखक म्हणतो की झाड तसे सुखी नव्हते. पण शेवटच्या पानावर ते पुन्हा सुखीच आहे.

वाचायला हे पुस्तक अवघड मुळीच नाही. वाक्ये छोटी, चित्रे मोजक्या रेघांची आणि सुंदर, दहा मिनिटांत संपते. म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. इतक्या सहज वाचले जाते की काय वाचले याचा विचार करायला सवड राहत नाही. शेवटची ओळ माझ्या तोंडून निघत नाही. काही वाचक म्हणतात की लेखकाला हे प्रेम आदर्श म्हणून दाखवायचे नव्हते, ही एका दुःखी नात्याची गोष्ट आहे. असेलही. मोठ्यांनी ती तशी वाचावी. पण पुस्तक दिले जाते ते चार-पाच वर्षांच्या मुलाला, बहुधा आईच्या मांडीवर बसवून, आणि त्याला सांगितले जाते की बघ, आईचे प्रेम असे असते.

मी अशी झाडे रोज बघते. रुग्णाच्या उशाशी बसलेली माणसे, आणि त्यांत बायकाच जास्त. मागे एक बाई नवऱ्याच्या पलंगाशी दिवसरात्र होत्या. स्वतःची रक्तदाबाची गोळी घ्यायची राहून गेली, जेवणाची शुद्ध नाही, झोप म्हणजे स्टुलावर बसून भिंतीला डोके टेकणे. आम्ही घरी जाऊन या म्हटले की त्या हसून म्हणत, मला काही होत नाही. मग एका दुपारी त्या जिन्यात खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. चाकाची खुर्ची आणून त्यांना आमच्याच तपासणी विभागात न्यावे लागले. त्या बऱ्या झाल्या. पण त्यांना हे करताना 'सुखी' म्हणणाऱ्या माणसाला मी मुलांच्या खोलीत येऊ देणार नाही. देणाऱ्याला संपेपर्यंत देत राहायला शिकवू नये, आणि घेणाऱ्याला तर मागे वळून न बघता घेत राहायला मुळीच शिकवू नये. त्या मुलाला पुस्तकभर एकदाही झाडाकडे बघून थांबावेसे वाटत नाही. तेच मला खुपते.

इथे कोणी म्हणेल, मग 'श्यामची आई'चे काय? तीही झिजतेच की. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण 'श्यामची आई' माझे सर्वांत आवडते पुस्तक आहे. लहानपणी ऐकले म्हणून आवडते, ही जुनी माया आहेच. पण आई झाल्यावर ते मोठ्याने वाचू लागले तेव्हा त्यातला फरक कळला. श्यामच्या आईचे झिजणे पुस्तक लपवत नाही आणि त्याला सुखही म्हणत नाही. ती का झिजते हे पानापानांत आहे. कर्ज, दारिद्र्य, दारात येणारा सावकाराचा माणूस, आजारपण. आणि ज्याच्यासाठी ती झिजली तोच मोठा होऊन रात्री मित्रांना जमवून हे सगळे सांगतो आहे, सांगताना त्याचा गळा दाटतो आहे. म्हणजे इथे मुलगा मागे वळून बघतो. अख्खे पुस्तक म्हणजे त्याचे ते वळून बघणेच आहे.

शिवाय ही आई नाही म्हणू शकते. श्याम पोहायला भितो आणि लपून बसतो, तेव्हा ती त्याला शोधून काढते आणि मारत मारत पाठवते. त्याच आईने, न्हालेल्या मुलाच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आपला पदर पसरलेला असतो. आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, हे ती त्याच वेळी सांगते. मारण्याचा भाग मी मुलीला वाचून दाखवते आणि तिथे थांबून सांगते की आपल्या घरात मारायचे नाही. ती म्हणते, ठाऊक आहे, पुढे वाच. जुने पुस्तक आहे म्हणून त्यातले सगळे आजही तसेच करायचे असे नसते, एवढे आठ वर्षांच्या मुलीला समजते. त्यासाठी पाने गाळावी लागत नाहीत.

या पुस्तकाचा बराचसा भाग साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिला. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी सुरुवात झाली आणि सोमवारी पहाटे लिहून संपले. दिवसा तुरुंगातले काम, आणि लिहिणे रात्री नि पहाटे. १९३५ साली ते पुस्तकरूपाने आले. हे कळल्यापासून मी ते निराळ्या मनाने वाचते. दिवसाची चाकरी संपल्यावर, उरलेल्या वेळात लिहिलेले पुस्तक, दिवसाची चाकरी संपल्यावरच वाचले जाते आहे. त्यातल्या प्रकरणांना रात्री म्हटले आहे, आणि त्या बेचाळीस रात्री खरोखरच एकेका रात्रीच्या मापाच्या आहेत. भाषा जुनी आहे, 'करावयाचे' आणि 'म्हणावयाचे' असे शब्द पदोपदी येतात. पण मोठ्याने वाचताना ते कुठेही अडत नाहीत, कारण हे मुळात सांगणे आहे. कोणीतरी कोणालातरी सांगते आहे, ही लय वाक्यात असली की थकलेला आवाजही ते पेलतो. आजच्या अनेक नव्या पुस्तकांची भाषा सोपी आहे, शब्द निवडून घेतलेले आहेत, आणि तरी ती मोठ्याने वाचताना दगडावर पाय ठेवत चालल्यासारखे होते. लेखकाने आणि संपादकाने ते एकदाही आवाजात म्हणून पाहिलेले नसते.

परदेशी यमकांच्या भाषांतरांत हे विशेष जाणवते. मूळ भाषेत ओळ नाचत असते. मराठीत शेवटी यमक जुळवले जाते, पण मधल्या मात्रा कमीजास्त राहतात. मनात वाचताना कळत नाही. मोठ्याने वाचताना मी दुसऱ्याच ओळीला अडखळते, मुलगा मान वर करून बघतो. त्यापेक्षा साध्या गद्यात सांगितलेले केव्हाही बरे. आपल्याकडे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर यांच्यासारख्या कवींनी मुलांसाठी लिहिलेले आहे, तेव्हा मराठीत मुलांची कविता कशी चालते हे कोणाला नव्याने शोधायचेही नाही.

माझ्या नावडत्यांत दुसरा मान मोठ्या कादंबऱ्यांच्या 'मुलांसाठी संक्षिप्त' आवृत्त्यांचा. मुलगी शाळेच्या ग्रंथालयातून त्या आणते. पाचशे पानांचे पुस्तक साठ पानांत. मुखपृष्ठावर मूळ लेखकाचे नाव मोठ्या अक्षरांत, पण ते साठ पानांचे कोणी केले, कोणत्या भाषेतून केले, याचा आत पत्ता नाही. एक पान वाचले तर त्यात वादळ येते, जहाज फुटते, दोघे बुडतात, एक बेटावर लागतो आणि त्याला आगही पेटवता येते. घटना सगळ्या आहेत, वाट पाहणे कुठेच नाही. समुद्रकिनाऱ्यावर एकट्या पडलेल्या माणसाची पहिली रात्र कशी गेली, हे कळावे म्हणूनच तर मूल ऐकत असते. ते पुस्तक वाचून झाल्यावर मुलीने मला विचारले, तो रडला नाही का? मूळ पुस्तकात त्याचे उत्तर आहे, संक्षिप्तात त्याला जागा उरलेली नव्हती. मुलांना लांब पुस्तक झेपत नाही हे मला पटत नाही. त्यांना रोज थोडे थोडे, महिनाभर चालणारे पुस्तक फार झेपते. झेपत नाही ते आम्हा मोठ्यांना, आणि त्याचे खापर मुलांवर फोडले जाते.

याउलट उतारे निवडायचेच असतील तर माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या 'वाचू आनंदे'सारखे असावेत. बालगट आणि कुमारगट असे त्याचे भाग आहेत. निरनिराळ्या मराठी लेखकांच्या लिखाणातले वेचे, सोबत चित्रे, आणि कोणाचे काय आहे ते स्पष्ट. कुठलेही पान उघडावे आणि तिथून सुरू करावे. ज्या दिवशी हातात पाच मिनिटेच असतात त्या दिवशी आम्ही तेच काढतो. मुलीने त्यातला एखादा वेचा ऐकून मूळ पुस्तक मागितले, असे घडलेले आहे. संक्षिप्त आवृत्ती वाचून मूळ पुस्तक मागितल्याचे मला आठवत नाही.

छपाईबद्दलही लिहिले पाहिजे, कारण परीक्षणांत तिचा उल्लेख क्वचितच येतो. आमच्याकडे झोपताना छोटा पिवळा दिवा असतो. हल्ली चित्रांची पुस्तके देखणी निघतात, पण मजकूर चित्रावरच छापलेला असतो. गडद निळ्या आकाशावर काळी अक्षरे, किंवा हिरव्या गवतावर पांढरी बारीक. त्यात कागद इतका चकचकीत, की पान तिरके धरल्याशिवाय दिव्याचा झोत अक्षरांवरून हटत नाही. दुसरी गोष्ट, नुकती वाचू लागलेल्या मुलांच्या पुस्तकांत ओळ संपते म्हणून शब्द मधेच तोडलेला असतो. अर्धा शब्द वर, अर्धा खाली. मुलगी पहिलीत असताना अशा जागी हमखास थांबायची. 'उकार', रफार, जोडाक्षरे यांनी आधीच वाट अवघड असते, तिथे शब्दाचे दोन तुकडे कशाला? वाक्याचा श्वास जिथे संपतो तिथे ओळ संपवली, तर वाचणारे मूल आणि वाचून दाखवणारी आई दोघांनाही ते सोपे जाते. ही काही खर्चाची बाब नाही, लक्ष देण्याची आहे.

माझ्या स्वतःच्या वाचनाचेही दोन शब्द लिहिते, कारण आईबाप वाचताना दिसले नाहीत तर मुलांना वाचून दाखवण्यालाही फारसा अर्थ राहत नाही असे मला वाटते. मला मिळणारा वेळ तुटक. बसमधला, कपडे धुतले जाईपर्यंतचा, नाईटला वॉर्ड शांत असेल तर पहाटेचा थोडासा. अशा वेळात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' जितकी साथ देते तितकी दुसऱ्या कोणत्या पुस्तकाने दिलेली नाही. १९३४ पासून भागाभागांनी आलेले हे आत्मचरित्र. बाईंना शाळेचे शिक्षण नव्हते, आणि त्यांनी लिहिले ते समोर बसून बोलावे तसे. मधेच घंटा वाजली, उठावे लागले, दोन दिवसांनी पुस्तक पुन्हा उघडले, तरी त्या तिथेच बोलत असतात. घरातला गोंधळ, नवऱ्याचा लहरीपणा, अंगावर आलेली संकटे, सगळे त्या इतक्या थेट नजरेने बघतात की वाचून मला बळ येते.

आणि मोठ्यांसाठीच्या पुस्तकांत मला सर्वांत नकोशी वाटतात ती वेळेचे नियोजन शिकवणारी, खास पालकांसाठी लिहिलेली. मैत्रिणी प्रेमाने देतात. पहाटे पाचला उठा, पहिला तास स्वतःसाठी ठेवा, आठवड्याचा तक्ता करा. ज्या बाईची पाळी दर आठवड्याला बदलते, जिची पहाट कधी उठण्याची असते आणि कधी घरी परतण्याची, तिचा विचार त्यांत एका ओळीनेही नसतो. ती वाचून हाती काही लागत नाही, वर आपणच कमी पडतो आहोत असा सल राहतो. पुस्तकाने थकलेल्या माणसाला आणखी ओझे देऊ नये.

आता आपल्याकडे मागणे एवढेच. मुलांच्या पुस्तकाचे परीक्षण छापण्याआधी, परीक्षकाने ते एखाद्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि एकदाच नव्हे, निदान आठवडाभर. मग त्यातून कोणता संस्कार होतो हे लिहिले नाही तरी चालेल. मोठ्याने वाचायला किती वेळ लागतो, मधे कुठे थांबता येते का, अक्षरे मंद उजेडात दिसतात का, भाषांतर असेल तर कोणी केले, चित्रे कोणाची, मुलाने दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मागितले का, आणि मागितले तेव्हा वाचणाऱ्याने ते आनंदाने उचलले का, हे लिहावे. आणि त्या अर्ध्या पानात एक छोटा चौकोन नोकरी-धंदा करणाऱ्या पालकांच्या टिपणांसाठी ठेवावा. रिक्षा चालवणारे, दुकानात उभे राहणारे, पाळ्यांत काम करणारे, शेतातून घरी येणारे आईबाप काय वाचून दाखवतात आणि काय बाजूला ठेवतात, हे यावे. आवडलेल्याइतकेच नावडलेलेही यावे, कारण नको ते पुस्तक विकत आणून वाया गेलेली संध्याकाळ अशा घरांना परवडत नाही.

टिपणे मागवायची ठरली तर जागेची मर्यादा तेवढी कळवावी. माझे पहिले टिपण 'तोत्तोचान'वर असेल, आणि मुलगी म्हणते आहे की त्यातल्या चार ओळी ती स्वतः लिहिणार.

आपली नम्र,
एक वाचक